मुलांच्या तोंडांतील पांढरे डाग

लहान मुलाच्या तोंडांत पांढरें दिसलें कीं घरांतील प्रत्येक वडील माणसाजवळ त्यावर एक औषध तयार असतें. कोणी म्हणतें टाकणखाराची लाही मधांत कालवून लावा, कोणी जाईच्या पाल्याचा रस सुचवितें, कोणी ज्येष्ठमध उगाळावयास बसतें. औषधाविषयीं मतभेद पुष्कळ. पण तें पांढरें म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. मींहि विचारीत नसें. सारा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला. शब्द पाहिल्यावर त्याचा विग्रह केल्यावांचून मला पुढें जातां येत नसे. परंतु घरांतल्या मुलाच्या तोंडाकडे पाहतांना ती संवय मीं कधीं लावली नाहीं. २०२२ सालीं, सहा महिन्यांच्या अंतरानें, दोन नातवंडांच्या दुखण्यांत मी दोनदां चुकलों. दोन्ही चुका निरनिराळ्या होत्या, म्हणून त्या येथें सांगतों.

आमचें घर मुलुंडचें, एकत्र. माझ्या काकू नव्वदीला टेकलेल्या, आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना आणि त्यांचीं मुलें. त्या वर्षींच्या एप्रिलमध्यें धाकट्या मुलाला कन्यारत्न झालें. ती सहा आठवड्यांची असतांना एके सकाळीं तिच्या जिभेवर पांढरा थर दिसला. दूध साचलें असेल म्हणून कोणी लक्ष दिलें नाहीं. दोन दिवसांनीं गालाच्या आंतल्या बाजूस व टाळूवरहि तसेच ठिपके आले. दह्याच्या कवड्या चिकटून राहाव्या तसे. मुलगी अंगावर घेतली कीं दोन घोट पिऊन तोंड फिरवी व रडूं लागे.

मीं कपाटांतून काश्यपसंहिता काढली. आपल्याकडील बालवैद्यकाचा हा प्राचीन ग्रंथ नेपाळांत खंडित स्थितींत सांपडला आणि १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झाला. त्यांत वेदनाध्याय नांवाचा एक अपूर्व अध्याय आहे. बोलतां न येणाऱ्या बालकाला कोठें काय दुखतें, हें त्याच्या हालचालींवरून कसें ओळखावें, हा त्याचा विषय. मुखरोग झालेल्या बालकाची लाळ फार गळते, तें स्तनाचा द्वेष करितें, प्यालेलें दूध ओकतें, बेचैन असतें व नाकानें श्वास घेतें, असें तेथें सांगितलें आहे. वाचून मी चकित झालों. आमच्या नातीचेंच वर्णन होतें तें! सुश्रुतानें मुखरोगांची संख्या ६५ दिली आहे, हेंहि मीं त्याच आवेशांत सुनेला ऐकविलें. वर्णन जुळलें, तेव्हां उपायहि आपल्याच परंपरेंतला योग्य, असें मीं मनाशीं ठरवून टाकलें. वास्तविक ६५ प्रकार मोजणाऱ्या आचार्यानें तोंडांतलें सगळें एक समजूं नका, हेंच सांगितलें होतें. तें माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

काकूंनीं तव्यावर टाकणखार फुलविला, मधांत कालविला. सूनबाई म्हणाली, “डॉक्टरांना आधीं दाखवूं या.” काकू म्हणाल्या, “अगं, तुझ्या सासऱ्याला, त्याच्या भावंडांना ह्याच बोटानं लावलं मी. कोणाला काय झालं?” मीं काकूंची बाजू घेतली. त्या दिवशीं तीनदां लावलें. रात्रीं मुलगी दोन वेळां ओकली व पहाटेपर्यंत दुधाला तोंड लावीना. तें टाकणखारामुळें कीं मूळच्या दुखण्यामुळें, हें सांगतां येणार नाहीं. परंतु त्या रात्रीं सूनबाईनें माझ्याकडे एकदांच पाहिलें व कांहीं बोलली नाहीं, तें मला अद्याप आठवतें.

सकाळीं डॉक्टरीणबाईंनीं मुलीला खिडकीशीं उजेडांत धरलें आणि ओल्या स्वच्छ कापडानें गालांतला एक ठिपका हलकेच पुसून पाहिला. तो सहज निघेना. निघाला तेथें खालीं लाल कातडी दिसली. त्या म्हणाल्या, “दूध असतें तर पुसून गेलें असतें. ही बुरशी आहे.”

ही परीक्षा प्रत्येक आईस ठाऊक असावी. नुसतें जिभेवर असलेलें व पुसल्यावर जाणारें पांढरें हें दुधाचें होय. त्यास औषध नको. गालांत, टाळूवर, ओठांच्या आंत चिकटलेलें व पुसतां खालीं लाली किंवा रक्ताचा थेंब दाखविणारें पांढरें हें बुरशीचें. मात्र एकदां पाहावें, खरवडीत बसूं नये. नवजात मुलाच्या टाळूच्या मध्यरेषेवर मोहरीएवढे पांढरट-पिवळसर कठीण दाणेहि असतात. एप्स्टाईन नांवाच्या वैद्यावरून त्यांस एप्स्टाईनचे मोती म्हणतात. हिरडीवर तसा दाणा आला तर मूल दांत घेऊन जन्मलें अशी हूल उठते. ते कांहीं आठवड्यांत आपोआप जिरतात. त्यांना नख लावूं नये, एवढेंच.

बुरशीचें शास्त्रीय नांव कँडिडा आल्बिकन्स. दोन्ही लॅटिन शब्दांचा अर्थ ‘पांढरें’ असाच आहे; विद्यार्थ्यानें लिहिलें असतें तर मीं पुनरुक्तीचा दोष दाखवून लाल रेघ मारली असती. ही बुरशी बहुतेक निरोगी माणसांच्या तोंडांत व आंतड्यांत निरुपद्रवी राहते. तान्ह्या मुलाची प्रतिकारशक्ति कोवळी, म्हणून तिला तेथें पसरावयास वाव मिळतो. ती प्रसूतीच्या वेळीं आईकडून येऊं शकते. आईला किंवा मुलाला प्रतिजैविक औषधें दिलीं असतां त्यांनीं उपकारक जंतूहि मरतात आणि बुरशीला रान मोकळें मिळतें. आमच्या सूनबाईला शस्त्रक्रियेनंतर तीं औषधें दिलेलीं होतींच. तोंडांत कोंबलेलें रबरी बूच व नीट न धुतलेली दुधाची बाटली हींहि नित्याचीं कारणें. आमच्या घरीं तिसरें एक निघालें. पणजीचें चांदीचें बोंडलें काकूंनीं कौतुकानें काढलें होतें व त्यानें मुलीला वरचें पाणी पाजीत. त्याच्या चिंचोळ्या चोचींत बोट जात नाहीं. आंत दुधाची साय किती दिवसांची साठली होती कोण जाणे! सहा महिन्यांपर्यंत मुलाला अंगावरच्या दुधाखेरीज पाणीहि लागत नाहीं, हें डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें. बोंडलें पुन्हां देव्हाऱ्याच्या खालच्या खणांत गेलें.

औषध म्हणून त्यांनीं निस्टॅटिनचे थेंब दिले. त्याचा इतिहास मीं पुढें शोधून काढला. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यांतील एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन या दोन संशोधक स्त्रियांनीं, व्हर्जिनियांतील एका गोशाळेच्या मातींत सांपडलेल्या सूक्ष्म जंतूपासून हें औषध मिळविलें व १९५० सालीं जाहीर केलें. ज्या राज्याच्या सेवेंत त्या होत्या त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यांनीं त्याचें नांव ठेविलें. स्वतःचें ठेविलें नाहीं. दूध पाजल्यानंतर थेंब दोन्ही गालांत सोडावयाचे, म्हणजे ते तेथें टिकतात. आणि ठिपके दिसेनासे झाले तरी डॉक्टरांनीं सांगितलेले दिवस पुरे करावयाचे. आईच्या स्तनाग्रास लाली, भेगा वा आग असेल तर तिलाहि त्याच वेळीं मलम लावावें लागतें. नाहीं तर मुलाकडून आईला व आईकडून मुलाला अशी ही बुरशी फेऱ्या घालीत राहते. अंगावर पाजणें मात्र थांबवूं नये. बाटली, बूच, जें तोंडांत जातें तें रोज उकळावें. पूर्वीं जेन्शन व्हायलेटनें तोंड जांभळें करीत. तें आतां सहसा देत नाहींत. आमची नात आठवड्यांत बरी झाली.

आतां टाकणखाराविषयीं. बोरॅक्स तो हाच. आमच्या रसग्रंथांत शुद्ध करून घेतलेल्या टंकणाचे उपयोग सांगितले आहेत, हें खरें. पण सहा आठवड्यांच्या जिवाच्या तोंडांत दिवसांतून तीनदां चोळलेला टाकणखार पोटांतच जातो आणि लहान शरीराला तो विषारी ठरतो. मध व टाकणखार यांचें मिश्रण बुचाला लावून मुलांस चोखावयास देण्याची चाल ब्रिटनमध्येंहि होती. १९८३ सालीं तेथील एका वैद्यक मासिकांत अशा सात तान्ह्या मुलांची हकीकत आली. त्यांना झटके येत होते, आणि तें मिश्रण बंद केल्यावर ते थांबले. त्यांच्या आज्याहि हेंच म्हणाल्या असतील कीं आम्हीं सर्वांना लावलें, कोणाला काय झालें?

मधाची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण जातकर्मांत तुपामधाचें प्राशन आहे. मधांत बोट्युलिझमच्या जंतूंचीं बीजें असूं शकतात. मोठ्यांच्या आंतड्यांत तीं रुजत नाहींत; वर्षाच्या आंतील मुलाच्या आंतड्यांत रुजून विष तयार करूं शकतात. मूल मलूल होतें, रडणें क्षीण होतें, चोखण्याची शक्ति जाते, शौचास होत नाहीं. हा रोग क्वचित् होतो, पण १९७६ सालीं तो ओळखूं आल्यापासून वर्षाच्या आंत मध नको हें सर्वत्र सांगितलें जातें. आमच्या पुरोहितांना मीं विचारलें. सोन्याची अंगठी मधांत बुडवून मुलाच्या ओठांजवळ नेऊन परत घ्यावी, संस्कार झाला असें समजावें, असें ते म्हणाले. मला तें पटलें. काकूंना पटलें नाहीं. त्यांनीं विषय बदलला.

हा झाला पहिला प्रसंग. त्यांतून मी शहाणा झालों असें मला वाटलें, आणि दुसऱ्या प्रसंगीं तेंच शहाणपण नडलें.

थोरल्या मुलाचा मुलगा जुलै २०२० मधला, टाळेबंदींतला. त्याची नवव्या महिन्याची लस एप्रिल २०२१ मध्यें यावयाची. तेव्हां करोनाची दुसरी लाट ऐन भरांत होती. दवाखान्याची पायरी चढावयाची कोणाची छाती होईना. ‘पुढच्या महिन्यांत’ म्हणतां म्हणतां दीड वर्ष गेलें. घरांत सात मोठीं माणसें. प्रत्येकाला वाटे, दुसऱ्यानें नेलें असेल. एकत्र कुटुंबांत दूध उतूं जातें तें असेंच.

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर गोवंडींत एकाच कुटुंबांतील तीन बालकें एकामागून एक दगावल्याची बातमी आली आणि मुंबईंत गोवराची सांथ असल्याचें उघड झालें. कस्तुरबा रुग्णालय मुलांनीं भरूं लागलें. केंद्राचें पथक आलें. आम्ही वर्तमानपत्र वाचून हळहळलों व पान उलटलें. गोवर म्हणजे तिकडचा, दाट वस्तीचा रोग, ही आमची समजूत. घाटकोपरला गाडीनें उतरलें कीं गोवंडी किती दूर राहिली, हा भूगोल मला ठाऊक होता. तो उपयोगांत आणावासा वाटला नाहीं, एवढेंच.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत, सोमवारीं रात्रीं, नातवाला ताप भरला. खोकला, नाक वाहणें, डोळे लाल. बुधवारीं संध्याकाळीं दांत घासतांना मला त्याच्या गालाच्या आंत, दाढेच्या समोर, बारीक पांढरे ठिपके दिसले. मला ओळख पटली! तीच ती बुरशी. डॉक्टरीणबाईंनीं नातीला दिलेल्या औषधाची उरलेली बाटली कपाटांत होती. मीं गुरुवारीं दिवसभर त्याला थेंब घातले, आणि मुलाला डॉक्टरांकडे नेण्यास निघालेल्या थोरल्या सुनेला “एक दिवस वाट पाहूं” असें सांगितलें.

शुक्रवारीं सकाळीं डॉक्टरीणबाईंनीं चमच्याच्या दांड्यानें गाल बाजूला केला, विजेरी टाकली, आणि मला जवळ बोलाविलें. “आजोबा, नीट पाहा. हे दह्यासारखे आहेत का?” नव्हते. लालबुंद कातडीवर कोणी चिमूटभर मीठ भुरकावें, तसे निळसर पांढरे कण होते. पुसून निघत नव्हते. हे कॉप्लिकचे ठिपके. न्यूयॉर्कचे बालवैद्य हेन्री कॉप्लिक यांनीं १८९६ सालीं त्यांचें वर्णन केलें. गोवराचा पुरळ अंगावर उठण्यापूर्वीं एक-दोन दिवस ते तोंडांत येतात व पुरळ पसरला कीं मावळतात. प्रत्येक मुलाला दिसतातच असें नाहीं. पण दिसले तर दुसऱ्या कोणत्याहि रोगाचे नव्हेत. चार वर्षांच्या मुलाला असो वा दोन वर्षांच्या, ताप, खोकला, लाल डोळे आणि हे मिठाचे कण एकत्र आले कीं गोवर आला असें समजावें.

पुढचा प्रश्न त्यांनीं विचारला तो मला आजहि ऐकूं येतो. “घरांत तान्हें कोणी आहे?”

नात तेव्हां सात महिन्यांची होती. आईच्या रक्तांतून आलेलें संरक्षण या वयापर्यंत ओसरत येतें व नियमित लस नवव्या महिन्याला. मधल्या या खिंडींत मूल उघडें असतें. गोवर पुरळापूर्वीं चार दिवस व नंतर चार दिवस पसरतो. रोगी खोलींतून गेल्यावरहि दोन तासांपर्यंत हवेंत राहतो. लस न घेतलेल्या दहा माणसांत तो आला तर नऊजणांना गांठतो. मात्र संसर्गापासून ७२ तासांच्या आंत लस टोचली तर सहा महिन्यांवरील मुलाचें रक्षण होऊं शकतें. डॉक्टरीणबाईंनीं बोटांवर वार मोजले. पुरळ शनिवारीं उठेल असें धरलें तर नातीचा संसर्ग मंगळवारपासूनचा. म्हणजे ती मुदत त्याच दिवशीं संपत होती. मिठाच्या त्या कणांनीं आम्हांला जे दोन दिवस आधीं दिले होते, त्यांतला एक मीं थेंब घालण्यांत खर्च केला होता.

धाकटी सून मुलीला घेऊन डोंबिवलीस माहेरीं जावयास निघाली होती. डॉक्टरीणबाईंनीं तिला अडविलें. आधीं लस; आणि माहेरीं भावाचीं मुलें असल्यास तेथें मुळींच नाहीं. सांथीच्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या मुलांनाहि एक जादा मात्रा देण्याची सूचना केंद्रानें त्याच आठवड्यांत केली होती. ती मात्रा नातीला तासाभरांत टोचली. ती हिशेबांत धरीत नाहींत. पुढच्या दोन ठरल्याप्रमाणें घ्याव्याच लागतात.

शनिवारीं नातवाच्या कानामागें व केसांच्या कडेला पुरळ उठला आणि तीन दिवसांत पायांपर्यंत उतरला. गोवराच्या विषाणूवर नेमकें औषध नाहीं. अ-जीवनसत्त्वाची मात्रा सलग दोन दिवस देतात. त्यानें डोळे व प्राण दोन्ही वांचण्यास साह्य होतें. बाकी पातळ अन्न, पाणी, तापावर औषध, आणि श्वास जलद झाला, मूल गुंगींत गेलें किंवा पिईनासें झालें कीं तात्काळ रुग्णालय. गोवरांत औषध देऊं नये, तो आपणहून निघूं द्यावा, अशी एक जुनी समजूत आमच्याहि घरांत होती. नातवाला कानाचा पू झाला व जुलाब लागले. तेव्हां ती समजूत कोणी उच्चारली नाहीं. तीन आठवडे तो काडीसारखा झाला होता. दोघी जावा त्या दिवसांत एकमेकींशीं कामापुरतें बोलत. एकीच्या मुलाची राहिलेली लस दुसरीच्या मुलीच्या जिवावर आली होती, आणि चूक त्यांपैकीं एकीचीहि एकटीची नव्हती. नातीचें तोंड व अंग मी रोज सकाळीं खिडकीशीं पाहत असें. एकविसाव्या दिवसापर्यंत कांहीं उठलें नाहीं. लसीनें वांचली कीं दैवानें, याचा निवाडा मी करणार नाहीं.

इतर पांढऱ्यांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्यांचा मला अनुभव नाहीं. मोठ्या मुलांचें ‘तोंड येतें’, त्यांत लाल कडेचे गोल पांढरट व्रण असतात. गाल चावला जाणें, लोह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव अशीं त्याचीं कारणें, व ते आठ-पंधरा दिवसांत भरतात. ज्वरासह हिरड्या सुजून तोंडभर दुखरे व्रण आले, किंवा तळहात-तळपायांवरहि फोड उठले, तर तो विषाणूचा प्रकार. त्यांत खरी भीति मूल पाणी पिईनासें होण्याची. घशांत राखी-पांढरा पापुद्रा धरला, गळा सुजला, तर घटसर्पाची शंका घेऊन त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. तो पापुद्रा खरवडूं नये. आणि बुरशी औषधानें न हटली, अथवा वर्षानंतरच्या मुलास पुन्हां पुन्हां होऊं लागली, तर प्रतिकारशक्तींत कांहीं उणें आहे काय याची तपासणी करवावी. दम्यासाठीं तोंडांत फवारा घेणाऱ्या मुलांनाहि ती होते. त्यांनीं फवाऱ्यानंतर चूळ भरावी.

नातवाचा पुरळ मावळत असतां महापालिकेची एक तरुण आरोग्यसेविका आमचा जिना चढून आली. गोवराची नोंद झाली कीं घरोघर चौकशी होते. तिनें चप्पल बाहेर काढली, पाणी घेतलें आणि विचारलें, “आजोबा, मुलाचें लसीचें कार्ड?” कार्ड सांपडण्यास अर्धा तास लागला, तें विजेच्या बिलांच्या फायलींत होतें. जन्मानंतरच्या, दीड महिन्याच्या, अडीच, साडेतीन महिन्यांच्या चौकटी भरलेल्या. नवव्या महिन्याची कोरी. तिनें त्या चौकटीवर बोट ठेवलें व काय म्हणावें हें न सुचून माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलें. मग तिनें इमारतींतल्या इतर मुलांचीं नांवें विचारलीं. मला तीन सांगतां आलीं. तिच्या वहींत त्या संध्याकाळपर्यंत अकरा झालीं, आणि त्यांतल्या चारांच्या कार्डावर कोठें ना कोठें कोरी चौकट होती.

आतां दोन्ही नातवंडांचीं कार्डें पंचांगाच्याच खिळ्याला टांगलेलीं असतात. नातवाची पहिली मात्रा बरा झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानें दिली, कारण गालगुंड व जर्मन गोवर यांपासून त्याचें रक्षण व्हावयाचें होतें. नातीच्या दोन्ही मात्रा वेळेवर झाल्या. दुसऱ्या वेळीं तिला घेऊन मी व काकूच गेलों होतों. सुई टोचल्यावर ती मोठ्यानें रडली, तेव्हां काकूंनीं तिच्या उघड्या तोंडांत डोकावून पाहिलें व मला म्हणाल्या, “स्वच्छ आहे रे.”